शीड चढवताना ढावलो

याडी अन् बापूले जमनीचा समुद्रावरून राम राम,

मी मजेत आहे. उलट्या थांबल्या, आता जेवन जाते. इथं फोन लागत नाही, म्हनून हे पत्र बंदरावर टाकीन. राखीवहिनी वाचून दाखवन.

आमचं संशोधनाचं जहाज शिडावर चालते. समुद्राचं पानी तपासाचं अन् शिडाचे दोरही आम्हा विद्यार्थ्याईनंच ओढाचे. ओढताना सगळे एका तालात गातात. एक दिवस मले म्हने, तुह्या गावचं गानं म्हन. घाबरून दुसरं काही आठवलंच नाही. ताईच्या लग्नात, नवरीनं तांडा सोडताना रडत म्हनाचा ढावलो, याडी, तू मले शिकवलता, तोच म्हटला. रागावू नोको. बिनलग्नाची पोरगी अन् ढावलो, मले समजते.

तवा तू म्हने, “रडून म्हन,” अन् मले हासू ये. इथं रडनं शिका नाही लागलं.

आता रोज शीड चढवताना सारे तोच गातात. अर्थ मी सांगतला नाही.

कापूस वेचून झाला का? बापूचा गुडघा कसा आहे? खरं सांगजो.

याडी, जातानाचं गानं तू शिकवलं. परत येतानाचं आपल्यात नसंन, तर बसून जुळव. मले लागन.

तुही,
जमनी