विहिणीच्या काठाला गेलेली वाळू

माघ शुद्ध ४, शके १७८५

खुशालरावानं वाळूला बांध घातला! लिहा — वाळूला. आमचा थोरला. कापसाला भाव आल्यापासून त्याला वाटतं, जगात काळी जमीन तेवढीच. पूर्णेच्या काठच्या वाळूत आमची डांगरवाडी, टरबूज-खरबुजाची. तिथं बाभळीच्या मेखा ठोकल्या, मागे दगड रचले, थेट धारेत नेऊन सोडले.

"आता एक कण हालनार नाही, माय."

"बापा, वाळू काय गाय हाये, दावं लावलं की उभी राहाले?"

हे हसले. लिहिताना हसू नये, शाई सांडते. यांना रिद्धपूरच्या महंताकडे अक्षर मिळालं आणि मला हे मिळाले. म्हणून मी सांगते, हे लिहितात.

माघ शुद्ध ६

पाणी उतरलं की वाळूत चर खणायचे, शेणखत भरायचं, टरबूज-खरबुजाचं बी टाकायचं. सासूनं शिकवलं. वेल हातभर झालेत. पण पोरं म्हणतात, यंदा वाडी साधली तर ठेवू. नाहीतर माय घरी आणि सगळी माणसं कापसात.

घरी बसून मी काय करू? सुनांना वळण लावू? त्यांची तरी दया करा!

माघ शुद्ध ११

गारा! लिंबाएवढ्या. सातपुड्याकडे आभाळ काळंठिक्कर. संध्याकाळी नदी गढूळ होऊन धावत आली.

माघ शुद्ध १२

काठ ओळखू येत नाही. उतरत्या वाळूच्या जागी कमरेएवढा कडा — विळ्यानं कापल्यासारखा उभा. खाली जाडे खडे तेवढे राहिले. बारीक वाळू गेली, खत गेलं, वेल गेले.

आणि मेखा? एक हलली नाही! नदीच्या मधोमध रांगेत उभ्या, वऱ्हाडी जेवायला बसावे तशा. पाणी बांधाला आपटलं, वळलं, मागून शिरलं आणि बांधानं राखलेली वाळूच उचलून नेली.

"बांध मजबूत होता, माय," खुशालराव म्हणतो.

हो बापा. बांध राहिला, वावर गेलं.

"एवढी वाळू गेली कुठं?" यांनी विचारलं. नदी काय खाते वाळू? इकडची उचलते, तिकडे ठेवते. पलीकडच्या वळणावर जिथं पाणी मंद होतं, तिथं टाकली आहे सगळी. नवीकोरी, मऊ, सतरंजी अंथरल्यासारखी. आणि कोणाच्या काठाला? मनकर्णाबाईच्या! माझ्या विहिणीच्या! आमची सुभद्रा तिची सून.

लेक दिली तेव्हा मी रडले होते. वाळू गेली तेव्हा रडू आलं नाही, राग आला.

माघ शुद्ध १३

दोन्ही गावांचा रिवाज आहे. धारेच्या अलीकडची वाळू अलीकडच्यांची, पलीकडची पलीकडच्यांची. धार सरकली की मालक बदलला. नदी आमच्याकडे वाळू आणून टाकायची तेव्हा हा रिवाज मीच सगळ्यांना ओरडून सांगायची. आता कोणी सांगायला आलं तर म्हणावं, हळू बोला, म्हातारीला बरं नाही.

"संपली वाडी, माय." खुशालरावानं तोंड पाडलं होतं. पण पाय कधीच कापसाच्या गाडीकडे वळले होते.

माघ वद्य १

जेवले नाही. गवारीची भाजी होती, तीही चांगली झालेली.

माघ वद्य २

पलीकडे गेले. गुडघाभर पाणी, डोक्यावर बियाची टोपली. मनकर्णाबाई काठावरच उभी.

"काय विहीणबाई, वाळू परत न्याले आल्या काय?"

"नाही बाई, खुशाली पुसाले. माहेर सोडून आली बिचारी."

"सुखात हाये म्हना. आमच्याकडं कोनी मेखा ठोकून बांधत नाही."

घ्या! एवढं ऐकून टोपली खाली ठेवली, फेकली नाही. लिहा हे.

मग तीच जवळ सरकली. "पन ह्या वाळूचं करू काय मी? पोरं कापसाबिगर बोलत नाहीत. मागं जराशी वाळू होती, तिच्यात बी टाकलं. कोंब आले अन् वाऱ्यानं पुरले."

"पऱ्हाट्यांचा आडोसा केला होता?"

"आडोसा कराचा असते?"

कपाळ माझं! कापसाच्या वाळक्या काड्या घरोघरी ढिगानं पडल्यात आणि हिला आडोसा ठाऊक नाही.

"वाळू माही, बी तुमचं, डांगरं अर्धी अर्धी," ती म्हणाली. "पन राखन तुमालेच करा लागन. कोल्हे येतेत. खोपी घाला अन् राहा."

लेकीच्या सासरी राहायचं? आमच्यात त्या गावचं पाणीसुद्धा पीत नाहीत! तसं सांगितलं.

"गाव कोनतं? वाळू परवापरयंत तुमच्या गावात होती. तुमी तुमच्याच वाळूवर राहाल."

बाईला डोकं आहे. हे लिहू नका. लिहिलं? खोडा.

माघ वद्य ३

"लोक हासतीन, माय. या वयात विहिणीच्या दारी?"

"खोपीले दार असते काय रे?"

खुशालराव उठून गाडीकडे गेला. हे बोरू तासत बसले. तासून तासून दातकोरणं झालं त्याचं.

"काही बोला की," मी म्हटलं.

"जा," म्हणाले. एवढंच.

बरं, एवढंच लिहा.

फाल्गुन शुद्ध ३

सांगणारी पलीकडे आहे, म्हणून आज माझंच लिहितो. बी उगवलं. दोघी विहिणींचा आवाज इथवर येतो. भांडतात की हसतात, कळत नाही. ती सुभद्रेच्या हातचं पाणी प्यायली म्हणे. सकाळी काठावरून हाक आली, "दौत घेऊन या, सांगाचं लई साचलं." थोरला म्हणाला, "बाबा, तुमीही?" धार आज गुडघ्याच्या वर आहे. धोतर खोचलं.