पेलाभर पाणी

आई,

तुझ्या पायांवर डोकं ठेवून सांगतो, मी ठणठणीत आहे. कारखान्यातलं कुत्रं मला चावलं, हे दादानं तुला कळवायला नको होतं. त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही.

कुत्रं पिसाळून मेलं, हे खरं. पण मला सुया चालू आहेत. पहिली जरा उशिरा झाली, एवढंच.

मुकादमानं मला सामानाच्या खोलीत एकट्याला खाट दिलीय. कडी बाहेरून लावतो, म्हणजे मला कुणाचा त्रास नको. ताट खिडकीतून येतं. जावयाची बडदास्त आहे बघ!

पिसाळलेल्याला पाणी गिळवत नाही म्हणतात, म्हणून रोज सगळे खिडकीच्या गजांपाशी जमतात आणि मी त्यांच्यासमोर पेलाभर पाणी गटागटा पितो. मग हशा होतो. काल घोट घशात थोडा अडखळला. सर्दी असेल. पण कुणी हसलं नाही.

तुझे गुडघे काय म्हणतात? दादाला रागावू नकोस.

आत्ताही पेला आलाय आणि सगळे बाहेर उभे आहेत. मी म्हटलं, आधी आईचं पत्र पुरं करू द्या.

म्हणून जरा लांबवतोय. अजून काय लिहू, सांग ना?

तुझा धाकटा