दृढीकरण राहिलेली बाई

४ जानेवारी, रविवार
उपासना झाल्यावर पाळकांनी बिशपचं पत्र वाचलं. कुंभवलीचं आपलं चर्च ८ फेब्रुवारीला बंद. सगळ्यांनी पालघरच्या मंडळीत जायचं. कारण काय, तर दहा वर्षांत इथं एकाचंबी दृढीकरण झालं नाय, म्हणजे बिशपनं डोक्यावर हात ठेवून कोणाला मंडळीत पक्कं घेतलं नाय.
"दोन स्टेशनं तर आहेत, आजी," पाळक बोलले. मी बोलली, आजी तुमच्या घरात.
आपली उपासना साडेसातला. तिसऱ्या पाळीवाले सुटले की थेट येतात, अंगाला कारखान्याचा वास घेऊन. पालघरची साडेनऊला. रात्रभर मशीनवर उभा राहिलेला माणूस साडेनऊला बाकावर नाय, गादीवर असतो. हे कागदावर कोण लिहिणार.
आमच्या मालकांनी इथल्या लाद्या स्वतः बसवल्या होत्या. तिरक्या बसवल्या, पण बसवल्या.

७ जाने.
राग जात नाय. कारण हा बिशप परका नाय. पहिली नेमणूक इथं झाली तेव्हा बिनलग्नाचा, बारीक, आमच्याच चाळीत शेजारच्या खोलीत. सुकटीच्या वासानं खिडकी लावून बसायचा. आठवड्यात ताट घेऊन दारात, "वैनी, थोडी सुकट आहे का?" मी त्याला भावजी बोलते. अजून.
पहिला उपदेश पन्नास मिनिटं. तिसऱ्या पाळीचे घोरायला लागले. पुढच्या रविवारी मी त्याच्या पुस्तकाखाली गजराचं घड्याळ ठेवलं. पंधराव्या मिनिटाला वाजलं. तेव्हापासून पंधरा मिनिटं.
मग एका कारखान्यात स्फोट झाला. तीन दिवस दवाखान्याबाहेर बसला तो. हिंदू नाय बघितलं, मुसलमान नाय बघितलं. पाणी आणत होता, बायांच्या हरवलेल्या चपला शोधत होता.
असा माणूस, आणि त्या पत्राखाली त्याचीच सही.

९ जाने.
भांडी घासताना सुचलं. दृढीकरण नाय म्हणता काय? मी हाय की!
मी कोळ्याची, तारापूरच्या किनाऱ्याची. बाप्तिस्मा लग्नाच्या वेळेला झाला. दृढीकरणाला त्या वेळचा बिशप आला तेव्हा मी बाळंतपणाला माहेरी. मग पाळक बदलले, नव्यानं यादीत नाव चढवलं, कोणी विचारलं नाय. मीबी बोलली नाय, लाज वाटली. भावजीनं तर आल्या महिन्यातच हातावर भाकर ठेवली प्रभूभोजनाची, जी दृढीकरणाशिवाय देत नायत.
बिशपला पत्र लिहिलं. "मी अडुसष्ट वर्षांची. दृढीकरण राहिलंय. तुमचंबी विचारायचं राहिलं. बिशपशिवाय कोणाला करता येत नाय, म्हणून या. माझं चर्च कुंभवली." पोष्टात टाकलं.

१३ जाने.
सालवडच्या माझ्या मैत्रिणीला, मार्थाला सांगितलं. तिचा विश्वास नाय. "नाताळात पाळकांच्या करंजीत सुकट भरणारी तू. तुझं कोण खरं मानणार?"
बरोबर हाय. पण ती करंजी त्यांनी संपवली होती.

१८ जाने., रविवार
पाळकांनी पालघरचं दृढीकरणाचं जुनं रजिस्टर काढलं. माझं नाव खरंच नाय. सगळ्यांसमोर बोलले, दृढीकरण होईपर्यंत तुम्ही प्रभूभोजनाला यायचं नाही.
सगळे पुढं गेले. मी बाकावर. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. लोकांनी कीव करू नये म्हणून मार्थाला डोळा मारला, तर ती रडायला लागली. वेडी.
पालघरला दृढीकरण करून घेतलं तर लगेच भाकर मिळेल, असं पाळक नंतर हळूच बोलले. मी बोलली, भूक लागलीय, पण एवढी नाय.

२७ जाने.
बिशप आला. गाडी कोपऱ्यावर ठेवून चालत, एकटा. केस गेले. ओट्यावर बसला. मी चहा दिला, त्यानं आधी तयारीचे प्रश्न विचारले. मी दहा आज्ञा बोलून दाखवल्या. 'खोटी साक्ष देऊ नको' इथं तो माझ्याकडं बघत राहिला.
मग बोलला, "वैनी, मी तुमचं दृढीकरण करतो. पण पालघरला."
"डोकं माझं इथंच हाय, भावजी. हात तुमी आणा."
तो बोलला, चर्च बंद करायचा समितीचा ठराव झालाय. जूनमध्ये मी निवृत्त. आता कुठं भांडू?
"मला न विचारता भाकर दिलीत, तेव्हा समितीला विचारलं होतं?"
चहावर साय आली. शेवटी बोलला, "ती चूक होती."
मी बोलली, मंग तुमची तेवढीच एक चूक मला आवडली.
उठला. हो नाय, ना नाय. जाताना सुकट मागितली नाय. वाईट वाटलं.

८ फेब्रुवारी, रविवार
आला! साडेसातला, आमच्या वेळेला. तिसऱ्या पाळीवाले कपडे न बदलता बसलेले. पाळकांच्या काखेत बंद करायच्या आदेशाची फाईल.
दृढीकरणाला पांढरं घालतात. मार्था बोलली, विधवेला सोयीचंच. मी जांभळी नेसली, बिशपच्या झग्याला शोभेल अशी.
गुडघे टेकले. लादी टोचली. बिशपनं दोन्ही हात डोक्यावर ठेवले. जड होते. थट्टा करणार होती, पण डोळे मिटून घेतले. मग भाकर.
नंतर पाळकांनी फाईल पुढं केली. बिशपनं आदेश काढला, वाचला मनातच, घडी घालून झग्यात ठेवला. रजिस्टर मागितलं. माझं नाव लिहिलं. मंडळीच्या रकान्यात "कुंभवली" लिहिलं, सही केली. पाळक कानाशी काहीतरी बोलले. बिशप बोलला, "मी काय लिहिलं ते मला कळतंय."
पण चर्च चालू राहील, असंबी बोलला नाय. गाडीत बसला, गेला.

१४ फेब्रु., शनिवार
पाळकांचा फोन. आदेश वाचला नाही तरी ठराव उभा आहे, उद्या उपासना नाही, माणूस कुलूप लावायला येईल. मी बिशपला चार फोन केले. उचलत नाय. समितीशी भांडतोय की माझ्यापासून लपतोय, देवाला माहीत.
चर्च झाडून घेतलं. मार्थाला सांगितलं, सगळ्यांना साडेसातला आण, बरोबर जेवणाचे डबेबी.
मी पहाटे पाचलाच जाऊन बसणार. कुलूप लावायचं तर आमच्यासकट लावा.