मागची फळी

बाबा, काल तालमीत एका पोरीने मला पेचात पकडलं. रोहणा गावची आहे, पाय चपळ आणि जीभ त्याहून चपळ. वर्ध्यात आम्ही, तुम्ही गावोगाव करायचात त्या जलशावरच संगीत नाटक करतोय, नाच मी बसवते. नायिका गाव सोडून निघते त्या गाण्यात मी तिला सरळ पुढे चालवलं, तर ही कंबरेवर हात ठेवून म्हणते, "मॅडम, गाव सोडून चालली ते, तं एक गिरकी घेऊन मांगं पाहीन का नाई? तुमच्या कोणत्याच नाचात गिरकी काऊन नाई?" मी तिच्यावर उगाच खेकसले आणि चहा सांगितला.

आठवलं ते माझ्या लहानपणचं, नाचणगावचं आपलं स्वयंपाकघर. आई चुलीपुढे भाकरी थापतेय, तुम्ही गिरणीतून नुकतेच आलेले, केसांत कापूस तसाच, आणि माझ्या मागे उभं राहून रॉकेलच्या रिकाम्या डब्यावर ठेका धरलेला. मी सारखी मान वळवते. तुम्ही चिडता, "समोर पाह्य ना वं! मांगं काऊन पाहून राह्यली? मी हावो ना मांगं." जलशाचा मंच म्हणजे शेजारून मागून आणलेले दोन लाकडी तखत. मागे तुम्ही ठेक्यावर पाय आपटलात की माझ्या टाचेखालची फळी थरथरायची. तेवढ्यावरून मला कळायचं, बाबा आहेत. मग मी मान वळवणं सोडलं.

त्याच वर्षी पावसाळ्यात काविळीने तुम्हाला नेलं. पुढच्या चौदा एप्रिलच्या जयंतीला जाम गावी कार्यक्रम होता. ढोलकीवाला नवा, एका कडेला बसलेला. माझ्या मागे कुणीच नव्हतं. पहिल्याच कडव्याला टाचेखाली फळी थरथरली. लोक म्हणतील, जामला हायवे आहे, ट्रक जातात. जात असतील. पण पुढे नागपूर-पुण्याच्या नाट्यगृहांत कुठला हायवे होता? गात-नाचत होते तोवर मी मंचावर एकदाही मागे वळले नाही. गुडघ्यांनी दगा दिल्यावर नाच बसवू लागले, तर माझ्या पोरींनाही वळू दिलं नाही. जाणकारांनी त्याला माझी शैली म्हटलं, शाली पांघरल्या. मीही मोठ्या तोऱ्यात घेतल्या. कुणाला सांगणार, की मला भीती वाटते? वळले आणि मागे तुम्ही नसलात, तर तुम्ही दुसऱ्यांदा जाल. आणि असलात, तर मी काय करीन तेही मला ठाऊक नाही.

पोरीचं बरोबर होतं. गाव सोडणारी बाई वळून पाहणारच. चहा झाल्यावर मी गिरकी घालायचं कबूल केलं, तर म्हणाली, "मंग तुमीच करून दाखवा ना." मी पुढे झाले. ढोलकी सुरू झाली आणि टाचेखाली फळी हलली, अगदी तुमच्या ठेक्यात. मी गिरकी घेतली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ती मात्र जवळ येऊन हळूच म्हणाली, "मॅडम, वळतानी डोये काऊन मिटले?" म्हटलं, या वयात भोवळ येते गं. तिने लगेच मला खुर्ची आणून दिली.

गिरकी नाटकात राहणार आहे. ती पोरगी डोळे उघडे ठेवून वळेल, आणि मागे काय आहे ते मला तिच्या चेहऱ्यावर दिसेल. मी विंगेत उभी राहीन की नाही, अजून ठरवलेलं नाही. हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून एवढं लिहून टाकते. मला भोवळ येत नाही, बाबा.