मोज्याखालची पट्टी

शुक्रवार, संध्याकाळ. सलवा, कुवेत

लेकीने, रेवाने, आज तिच्या लाडक्या जपानी आयडॉलची, म्हणजे नाचगाण्याच्या ग्रुपमधल्या एका स्टार पोरीची, मुलाखत दाखवली. ग्रुप सोडल्यावर पोरगी पहिल्यांदाच खरं बोलली. प्रेमात पडायला बंदी, दमलेलं दिसायलाही बंदी. एकदा पाय मुरगळला, तर पांढऱ्या मोज्याखाली पट्टी बांधून अख्खा कार्यक्रम नाचली. हसू जराही ढळलं नाही! तिच्या कंपनीचा संताप आला, पण तिची कमालच वाटली. कुठून आणलं असेल एवढं बळ? तो पांढरा मोजा डोळ्यांसमोरून हलेना.

मग नेहमीचा साताऱ्याला व्हिडिओ कॉल. लिपस्टिक लावली, गाऊनवर ओढणी घेतली. ह्यांची नोकरी गेलीय, इकामा, म्हणजे इथला राहण्याचा परवाना, संपायच्या आत कुवेत सोडायचंय, हे सासूबाईंना सांगितलेलं नाही. नुकतीच अँजिओप्लास्टी झालीय त्यांची.

"सगळं मजेत, आई," मी हसून म्हटलं.

तेवढ्यात एरवी इंग्रजीच झाडणारी रेवा कानाशी कुजबुजली, तेही चक्क मराठीत, "मोबाईल वर धर. मागची खोकी दिसतायत."

आणि शेजारी बसून आजीकडे बघून हसली. हुबेहूब त्या पोरीसारखी.

हिची इथली शाळा सुटणार, मैत्रिणी सुटणार. हिने पट्टी कुठे बांधलीय, हे मी अजून विचारलेलंच नाही.