अकरावा फोटो

अण्णा, रोल मिळाला. सोलापुरात नाही मिळाला. तुम्ही जायचात त्या स्टुडिओत आता मोबाइलची कव्हरं विकतात. काउंटरवरच्या मुलीनं तुमचा डबा कॅमेरा उलटसुलट करून विचारलं, "आजी, ह्याची स्क्रीन कुटं हाय?" शेवटी दादाच्या मुलानं मुंबईहून मागवला. आठ दिवसांत कुरिअरनं दारात आला, आणि आनंद व्हायच्या ऐवजी मला तुमचा रागच आला. रोल मिळत नाही, हेच ऐकत मी लहानाची मोठी झाले.

दुष्काळ सरल्यानंतरची ती वर्षं. मिलच्या ऑफिसातलं कुणी पुण्याला गेलं तर तुमच्यासाठी एखादा रोल यायचा. एका रोलचे बारा फोटो, आणि बारा संपल्याशिवाय धुवायला द्यायचा नाही, हा तुमचा कायदा. मग मिलच्या साहेबांच्या नातीचं बारसं, साहेबांची नवी स्कूटर, स्कूटरवर साहेब. आई भाकरी थापता थापता म्हणायची, "माझा बी एक काढा की." तुम्ही म्हणायचात, "हितं उजेड न्हाय. उगं रोल वाया जाईल." साहेबांच्या दारात मात्र उजेडच उजेड!

एका रविवारी काय मनात आलं तुमच्या कोण जाणे, तिला अंगणात उभं केलंत. हाताला पीठ तसंच. "थांबा, पदर तरी घिऊ द्या," ती म्हणतेय आणि तुम्ही खटका दाबताय. तो अकरावा फोटो. त्यानंतर ती रोज विचारते, "कदी धुनार वो?" आणि तुमचं उत्तर ठरलेलं, "एक बाकी हाय. पोराचा मॅट्रिकचा निकाल लागू दे." दादा नापास झाला. तुम्ही ऑक्टोबरच्या परीक्षेवर बारावा फोटो ढकललात. आईला कावीळ झाली. ती ऑक्टोबरपर्यंत थांबली नाही.

तेराव्याला हार घालायला फोटो हवा, म्हणून एक बाकी असतानाच तुम्ही रोल धुवायला दिलात. पहिले दहा छान आले. आईचा तेवढा गेला होता. स्टुडिओवाला म्हणाला, मागून उजेड शिरलाय. मामा सगळ्यांसमोर बोलला, "दाजी, सायबाची स्कूटर निघती, माझ्या बहिणीचा एक फोटो निघंना व्हय तुमच्याच्यानं?" तुम्ही खाली बघून म्हणालात, "माझ्याकडनंच झाकण उघडलं असंल." हार रिकाम्या पाटावर ठेवला. पुढं तुम्ही असेपर्यंत मीही मामाचीच री ओढत राहिले. आईचा चेहरा आता मला नीट आठवत नाही. साहेबांची स्कूटर आठवते, कारण तिचा फोटो आहे.

झाकण मी उघडलं होतं, अण्णा. आई नळावर निघाली होती. जाता जाता म्हणाली, "बरी आली असंन का गं मी?" तेवढं बघायला मी भर दुपारी अंगणात रोलचा वरचा काळा कागद ओढून पाहिला. काहीच दिसलं नाही, मग होता तसा गुंडाळून ठेवला. तुम्हाला ठाऊक होतं का? असेल तर ते आणखी वाईट, मला तुमचे उपकार नको होते. आणि तरीही सांगते, तिचे दोन काढले असते तर एक वाचला असता.

हे पत्र कॅमेऱ्याच्या चामडी पिशवीत घालून ठेवतेय. आज सकाळी नवा रोल भरला. मागच्या झाकणावर काळी चिकटपट्टी लावली आहे, चुकून कुणी उघडू नये म्हणून. घरात मी एकटीच असते.