बारा फुलं

लिंकनशायरचा विमानतळ, इंग्लंड, एप्रिल १९४२

झेनेक,

त्या दिवशी तू उडायच्या आधी कॅन्टीनमधली विनी पिवळी फुलं घेऊन माझ्याकडे आली. मला वाटलं, माझ्यासाठीच. तर म्हणाली, "तुझ्या भावाला दे."

मी मोजली. बारा. त्या इंग्रज पोरीला काय माहीत, आपल्या पोलंडमध्ये सम आकड्यात फुलं फक्त थडग्यावर वाहतात! एक काढायला हवं होतं. मला कळत होतं. नाही काढलं.

तूही मोजलीस आणि हसलास. "काय रे दादा, आत्ताच पुरतोस का मला?" एक उपसून माझ्या तेलकट खिशाला खोचलंस. "हे तुला. आता अकरा झाली."

मग दीड तास मी आभाळाकडे बघत उभा. तुझं विमान दिसलं तेव्हा रडलो, आईशप्पथ. तेवढ्यात विनी धावत येऊन तुझ्या गळ्यात पडली, आणि माझं डोकं परत फिरलं.

रविवारी तुमचं लग्न. फुलं मीच आणणार, असं सगळ्यांना सांगून बसलोय. किती आणायची, ते अजून ठरत नाहीये.

हे पत्र तुला देणार नाही.

तुझा दादा आणि तुझ्या विमानाचा मेकॅनिक,
युरेक